अठ्ठेचाळिसावं पान

१

मुलुंड पूर्वेच्या आमच्या वाचनालयात एका मंगळवारी चार पुस्तकांतून एकेक पान नाहीसं झाल्याचं उघडकीस आलं. चारही पुस्तकांतून तेच पान गेलं होतं. त्याच्या पुढच्या बाजूला सत्तेचाळीस हा आकडा असणार आणि मागच्या बाजूला अठ्ठेचाळीस.

मी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्या वेळी मिठागरांवरून परतलेला उजेड खिडक्यांतून आत येतो आणि पुस्तकांची कपाटं पाण्याखाली ठेवल्यासारखी दिसतात. सपना टेबलामागे उभी होती. तीन वर्षं हंगामी ग्रंथपाल म्हणून काम करणारी ही मुलगी एरवी कधी स्वस्थ उभी राहत नाही.

"मॅडम, माझी वाट लागली," ती म्हणाली आणि चार पुस्तकं माझ्यापुढे सरकवली.

'धुराचा सातबारा' हे एका खाडीकाठच्या गावाच्या आंदोलनाबद्दल होतं. 'जग नावाची मंडई' जागतिकीकरणावर, आकडे आणि तक्ते असलेलं. 'कासवबेटाचा नकाशा' ही समुद्रावरची साहसकथा. आणि चौथं 'मोगऱ्याची दुपार'. ते घेताना माणसं सपनाकडे न बघता दुसरीकडे बघतात.

"याच्याकडेच बघा," मागून आवाज आला. वाचनालयाचे अध्यक्ष शरच्चंद्र धारप आतल्या खोलीतून बाहेर येत होते. "असली पुस्तकं ठेवली की असली माणसं येतात. आणलं कुणी हे?"

"वाचकांनी मागितलं, सर."

"वाचकांनी उद्या विष मागितलं तर?"

"विष नाही ना मागितलं, सर. कादंबरी मागितली."

धारपांनी चष्मा काढून पुसला. "रविवारी समितीची सभा आहे. तुला कायम करायचं की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं. पुस्तकांची अशी नासधूस झाल्यावर ठरवायला काही उरलंय असं मला वाटत नाही. तुझ्या कागदांवर शेरा मारावा लागेल."

सपनाचा चेहरा उतरला. असा शेरा बसला की दुसरं कुठलंही वाचनालय दारात उभं करत नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

"धारपसाहेब, ही पुस्तकं रविवारपर्यंत माझ्याकडे द्या," मी म्हणाले.

"मृणालिनीबाई, तुम्ही कॉलेजात फिजिक्स शिकवत होता. हा चोरीचा मामला आहे."

"चोराच्या हातांनाही फिजिक्स लागू असतं."

त्यांनी खांदे उडवले. मी पुस्तकं पिशवीत घातली. मला त्या क्षणी काहीही सुचलेलं नव्हतं.

२

पान गेल्याचं पहिल्यांदा शर्मिष्ठाच्या लक्षात आलं होतं. ती कामगारांचे खटले चालवते आणि वाचनालयात आली की खुर्चीत पाय वर घेऊन बसते.

"अगं, 'धुराचा सातबारा' वाचत होते. सभा भरलीय. एक कोळीण उभी राहते, म्हणते, मला एवढंच सांगायचंय, आणि पुढचं पान गायब! दोन दिवस माझ्या डोक्यात ती बाई तशीच उभी आहे."

"तुला कुणाचा संशय येतो?"

"धारपांचा. आणखी कुणाचा? त्या मोगऱ्यातलं काहीतरी डोळ्यांत खुपलं असणार. मग ते झाकायला बाकीची तीन कापली. सोपं आहे."

सोपं होतं खरं. पण मला ते तपासून पाहायचं होतं. बुधवारी मी चारही पुस्तकांच्या दुसऱ्या प्रती मिळवल्या. दोन ठाण्याच्या वाचनालयात सापडल्या, एक दुकानात आणि एक बोरिवलीच्या मैत्रिणीच्या गादीखाली. ती कुठली होती हे सांगायला नको. मी चारही सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वाचून काढली. कोळीण म्हणत होती की धुरामुळे सुकट वाळत नाही. मंडईत कांद्याच्या निर्यातीचा तक्ता होता. कासवबेटाजवळ जहाजाचं शीड फाटत होतं. आणि मोगऱ्याच्या दुपारी नायिका बोंबील साफ करत शेजारणीला विचारत होती, की नळाला पाणी आलं का.

चार पानांत कुणालाही खुपेल असं काही नव्हतं. मजकुरासाठी ही पानं कुणीही कापली नसती.

मी सपनाला फोन केला. "या चार पुस्तकांत आणखी काय सारखं आहे गं?"

"काहीच नाही, मॅडम. हां, चारही नुकतीच बांधणीहून आलीत. रतनमामांकडून. अठरा पुस्तकं गेली होती."

"बाकीची चौदा?"

"सगळी तपासली मी. धड आहेत. त्यात अजून एक मोगरा टाइप आहे, ते पण धड."

"रतनभाऊंना कुणी विचारलं?"

"धारपसर म्हणाले, रतनला कशाला विचारायचं, त्याला अक्षर वाचता येत नाही. त्याला सगळी पुस्तकं सारखीच."

मी फोन ठेवला. ते शेवटचं वाक्य कानात राहिलं, पण त्याचं काय करायचं ते मला तेव्हा कळलं नाही. खिडकीबाहेर एक विमान आवाज न करता अंधेरीकडे उतरत होतं.

३

पौर्णिमेच्या चंद्रावर विवरं नीट दिसत नाहीत. अष्टमीला दिसतात, कारण त्या दिवशी उजेड तिरपा पडतो आणि लहानशा खड्ड्यालाही सावली मिळते. वर्षानुवर्षं मी हे मुलांना सांगत आले. गुरुवारी सकाळी चहा घेताना ते मी स्वतःला सांगितलं.

ग्रंथालयातून पुस्तकं नेणाऱ्या माणसांची एक सवय असते. हे आपलं वाचून झालंय हे पुढे आठवावं म्हणून ती एका ठरावीक पानावर बारीकशी खूण करतात. प्रत्येकाचं पान ठरलेलं असतं. कुणी घराचा क्रमांक घेतो, कुणी जन्मसाल. माझं पान एकतीस. तिथे मी पेन्सिलीने एक टिंब देते. पुस्तक घेताना आधी ते पान उघडायचं, खूण दिसली की परत ठेवायचं. हे नियमाविरुद्ध आहे आणि सगळे करतात.

पान गेलं की खूणही जाते. पण लिहिणाऱ्या हाताचा दाब खालच्या पानावर उतरतो.

मी पडदे ओढले, एक फट ठेवली आणि 'कासवबेटाचा नकाशा' उघडून त्या फटीशी आडवा धरला. कोणी सत्तेचाळीसवर लिहिलं असेल तर ठसा एकोणपन्नासवर मिळायला हवा, कारण तेच पान त्याच्या खाली येतं. अठ्ठेचाळीसवर लिहिलं असेल तर पान उलटलेलं असतं, आणि ठसा शेहेचाळीसवर उमटतो.

एकोणपन्नास कोरं होतं. शेहेचाळीसच्या कोपऱ्यात एक सावली उठली. ती चंद्रकोर होती आणि तिच्या पोटात एक टिंब. पुस्तक सरळ केलं की चंद्र मावळायचा, आडवं धरलं की उगवायचा. मी किती वेळ ते करत बसले कोण जाणे.

चारही पुस्तकांत शेहेचाळीसवर तीच कोर होती. 'मोगऱ्याची दुपार'मध्ये एकोणपन्नासवरही काहीतरी पुसट होतं, पण ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

दुपारी वाचनालयात जाऊन मी बाकीच्या चौदा पुस्तकांचं अठ्ठेचाळिसावं पान पाहिलं. एकातही चंद्र नव्हता. म्हणजे ज्या पुस्तकांत चंद्र होता, त्यांतलीच पानं गेली होती. कुणाला तरी चंद्र हवे होते.

"अठ्ठेचाळीस हे कुणाचं पान आहे?" मी सपनाला विचारलं.

तिने येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. शर्मिष्ठा म्हणाली, ती पुस्तकं विद्रूप करत नाही. धारप म्हणाले, "मी? छे!" आणि तेवढ्यावर लगेच आत गेले. बाकीच्यांनी आपापले आकडे लाजत सांगितले. बारा, सतरा, त्र्याहत्तर. संगणकात फक्त सहा महिन्यांच्या नोंदी होत्या आणि त्यात चारही पुस्तकं नेलेलं कोणी नव्हतं.

अठ्ठेचाळीस कुणाचंच नव्हतं.

४

शुक्रवारी सकाळी मी चंद्र सोडून दिला आणि कापलेल्या जागेकडे पाहिलं. खरं तर हेच आधी करायला हवं होतं.

माझ्यासारख्या माणसाने पान कापलं असतं तर पुस्तक ताणून उघडलं असतं आणि शिवणीला लागून ब्लेड ओढलं असतं. इथे तसं नव्हतं. अर्ध्या बोटाची पट्टी ठेवून पान कापलेलं होतं आणि ती पट्टी खळ लावून शेजारच्या पानाला चिकटवलेली होती. मी पट्टी हलकेच ओढून पाहिली. तिच्याबरोबर तेहेतिसावं पान हललं.

पुस्तक म्हणजे सुट्या पानांचा गठ्ठा नसतो. मोठा कागद घडी घालून त्याची सोळा पृष्ठं करतात, त्या घडीला जुज म्हणतात, आणि जुजामागून जुज दोऱ्याने शिवत जातात. घडीतलं शेवटचं पान आणि पहिलं पान एकाच कागदाचे दोन पंख असतात. एक मुळापासून कापला की दुसरा निसटतो. पट्टी ठेवणाऱ्याला हे माहीत होतं. त्याला पान हवं होतं, पण पुस्तक मोडायचं नव्हतं.

सोळा, बत्तीस, अठ्ठेचाळीस.

मी वहीत हे तीन आकडे लिहिले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. अठ्ठेचाळीस हा कुणाच्या घराचा क्रमांक नव्हता. ते तिसऱ्या जुजाचं शेवटचं पान होतं. असा आकडा फक्त पुस्तकं शिवणाऱ्याच्या घरातून येतो.

आणि धारपांचं वाक्य परत आलं. त्याला सगळी पुस्तकं सारखीच. आम्ही सगळे चार पुस्तकांची नावं वाचत बसलो होतो. आंदोलन, मंडई, जहाज, मोगरा यांना जोडणारा धागा शोधत होतो. कापणाऱ्याने नावं वाचलीच नव्हती.

पण चंद्र त्याचा नव्हता. तो काढणारा हात फार जोर लावत होता. मोठेपणी लिहायला शिकलेली माणसं तसं लिहितात, पेन निसटून जाईल असं त्यांना वाटतं.

मी वाचनालयात गेले. "सपना, रतनभाऊंच्या घरी वाचणारं कोण आहे?"

"मुलगा सम्यक, पण तो बंगळूरला असतो," ती म्हणाली. मग हातातला शिक्का खाली ठेवला. "सुंदरामावशी होत्या ना. मामांची बायको. मरोळला औषधांच्या पॅकिंगमध्ये होत्या. रिटायर व्हायच्या आधी दोनेक वर्षं वाचायला शिकल्या आणि मग कायच्या काय वाचायच्या. मी सांगायचे, मावशी, हे मोठ्यांचं पुस्तक आहे. त्या म्हणायच्या, मी काय लहान आहे का गं?"

"होत्या म्हणजे?"

"गेल्या ना. मागच्या वर्षी."

५

रतन भालेराव असल्फ्याच्या चढावर राहतात. खालच्या खोलीत काम आणि वर बिऱ्हाड. मी गेले तेव्हा ते खळ ढवळत होते. खोलीला ओल्या पिठाचा वास होता; कीड लागू नये म्हणून घातलेल्या मोरचुदाने खळ निळसर झाली होती. थोड्या थोड्या वेळाने मेट्रो जायची आणि तिची सावली भिंतीवरून, कागदांवरून, त्यांच्या पांढऱ्या केसांवरून सरकत जायची.

"बसा, बाई. घडी मोडलेला कागद आहे तो, त्यावर नका बसू."

मी पिशवीतून 'कासवबेटाचा नकाशा' काढला आणि कापलेल्या पट्टीवर बोट ठेवलं.

त्यांनी नाकारलं नाही. "पट्टी नीट बसलीय ना?" एवढंच विचारलं.

"नीट बसलीय."

ते उठले आणि पुस्तकं दाबायच्या शिकंज्याखालून एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. निळ्या कापडाची बांधणी होती, नाव नव्हतं. आत तेवीस पानं होती; ही चार सोडून बाकीची आधीच्या पुस्तकांतून गेलेली कुणाच्या लक्षातच आली नव्हती. प्रत्येकाच्या मागे अठ्ठेचाळीस हा आकडा आणि कोपऱ्यात चंद्रकोर.

"मला अक्षरं येत नाहीत, पण पुस्तक येतं," ते म्हणाले. "ती म्हणायची, अहो, वाचलेलंच पुस्तक परत घरी येतंय. मी म्हटलं, तिसऱ्या जुजाच्या शेवटाला खूण कर. तिथं दोरा वळतो, बोट आपसूक थांबतं. ती गेली, आणि बांधायला आलेल्या एका पुस्तकात मला तो चंद्र दिसला. म्हटलं, हे तिचं आहे. मग प्रत्येक पुस्तकात बघायला लागलो. असला तर काढायचा."

"चोरी आहे ती, रतनभाऊ."

"हो." त्यांनी खळीवरचं झाकण सारखं केलं. "वाचून दाखवता का?"

मी वाचायला लागले. एका पानावर माणसं मोर्चा घेऊन निघायची आणि पान उलटलं की ती कांद्याच्या जहाजावर चढलेली असायची. जहाजाचं शीड फाटायचं, आणि ते शिवायला कुणी राणी बसायची, ती पुढच्या पानावर कारखान्याच्या दारात टाळं बघत उभी. कुणाचं नाव कुणाला लागत नव्हतं आणि तरी सगळं एका माणसाने पाहिलेल्या झोपेसारखं पुढे जात होतं. रतनभाऊ डोळे मिटून ऐकत होते. मेट्रोची सावली आमच्यावरून गेली, परत आली.

"काम करताना ती वाचून दाखवायची," ते म्हणाले. "एकच पुस्तक नाही दाखवलं. वाचता वाचता नुसती हसायची. म्हणायची, तुमच्या कामाचं नाही. ते यात आलंय का? मोगऱ्याचं चित्र होतं वर."

आलं होतं. शेवटून दुसरं. मी वाचलं. नायिकेने बोंबील साफ केले आणि विचारलं, नळाला पाणी आलं का.

रतनभाऊंनी डोळे उघडले. "एवढंच? हे लपवत होती?" आणि ते हसायला लागले. खूप वेळ हसले, मग पाठ फिरवून खळ ढवळत राहिले.

त्या पानाची पुढची बाजू मी पाहिली. सत्तेचाळीसच्या खाली फार नेटक्या अक्षरांत 'श. धा.' असं लिहिलेलं होतं.

मी पुस्तक मिटलं. "रतनभाऊ, रविवारी सपनाची नोकरी जाणार आहे. या पानांसाठी."

त्यांचा हात थांबला. "कुणाची? त्या पोरीची? मला कुणी बोललंच नाही."

"तुम्हाला विचारायचं कुणाच्या मनातच आलं नाही."

"मी येतो रविवारी," ते म्हणाले. "तुम्ही काही सांगू नका. माझं मी सांगतो."

६

रविवारी सकाळी दहाला समितीची सात माणसं टेबलाभोवती बसली; शर्मिष्ठा आणि मी खिडकीपाशी. सपना दाराशी उभी होती. तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

रतनभाऊ इस्त्रीचा सदरा घालून आले. निळं पुस्तक टेबलावर ठेवून त्यांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. पोरीचा काही संबंध नाही, पानं मी कापली, ती माझ्या बायकोची होती, तुम्ही सांगाल ती शिक्षा.

"तुझ्या बायकोची?" धारप म्हणाले. "वाचनालयाची पानं तुझ्या बायकोची कशी? रतन, वीस वर्षं तुला काम देतोय आपण. उद्यापासून बंद. आणि ही सगळी पानं इथल्या इथे सोडवून—" बोलता बोलता त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि पानं उलटायला लागले. एकेक करत पुढे गेले.

शेवटून दुसऱ्या पानाशी ते थांबले.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी खिडकीबाहेर बघत होते. मिठागरांवर गुलाबी ठिपके उतरत होते, रोहित पक्षी असावेत.

"ही पानं," धारप सावकाश म्हणाले, "आता बांधणीतून सोडवली तर फाटतील."

"नाही फाटणार, साहेब," रतनभाऊ म्हणाले. "मी अख्खी सोडवून देतो."

"फाटतील!" धारपांनी पुस्तक मिटून त्यांच्याकडे सरकवलं. "झेरॉक्स काढा, तुम्ही ठेवलेल्या त्या पट्ट्यांना लावा आणि मूळ पानं राहू द्या तुमच्याकडे. तुमच्याकडेच. पतीच्या भावनांचा विचार करायला हवा. कामाचंही बघू, चालू ठेवा."

शर्मिष्ठाने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी काही सांगितलं नाही, आजही सांगितलेलं नाही.

सपनाला कायम करण्याचा ठराव पुढच्या दोन मिनिटांत झाला. तिने सही केली आणि पेन ठेवून थेट रतनभाऊंसमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, पाच दिवस मी जेवले नाहीये. कळतंय का तुम्हाला? मला सांगायचं तरी."

"चुकलं, पोरी."

"विचारायचं तरी."

"तू नाही म्हटली असतीस."

"नाहीच म्हटलं असतं!"

"म्हणून नाही विचारलं."

ती हसणार नव्हती, पण हसली. मग निळं पुस्तक उचलून तिने उघडलं आणि उभ्या उभ्याच एक पान वाचलं, दुसरं वाचलं. हळूहळू तिचा आवाज बदलला.

"मामा, हे इथे ठेवू या? मी दाखल करून घेते. मावशींच्या नावाने. लोक वाचतील."

रतनभाऊंनी तिच्या हातातून पुस्तक घेतलं, सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि काखेत धरलं.

"नको गं," ते म्हणाले. "इथं पानं कापतात."